शिवणीतली माया

मापाच्या वहीत तिचं पान अजून आहे.
हत्तीअंबीरे संघमित्रा, सातवी ब.
खांदा बारा, बाही सोळा, उंची छत्तीस.
खाली पेन्सिलीनं : गॅदरिंग, राक्षस.
काळं सॅटिन पावणेदोन मीटर. उधारी चाळीस.

राक्षस व्हायला वर्गात कुणी तयार नव्हतं,
सगळ्यांना परी व्हायचं होतं.
ही म्हणाली, मास्तर, शेपूट लांब ठेवा,
मी विंगेत गेले तरी
ते मागं स्टेजवर राहिलं पाहिजे.

आता रोज रात्री साडेआठला ती दुकानातल्या टीव्हीवर येते.
पहिल्या मालिकेत मुकी होती.
दोनशे भाग एक शब्द बोलली नाही,
आणि मंडी बाजारातल्या बाया
ब्लाउज आखूड झाला म्हणून माझ्याशी भांडायच्या
तिच्यासारखे हातवारे करून.
मग इन्स्पेक्टर झाली. खाकी बसली नव्हती नीट,
खांद्यात अर्धा इंच जास्त, मला अंबाजोगाईतून दिसलं;
पण चालली अशी की
वर्दीलाच वाटावं, आपण कमी पडायलोत.
मग जुळ्या बहिणी. एक गोड, एक कडू.
कडूचा पदर एक बोट खाली.
हे तिला कुणी सांगितलं असेल?
यंदा साठीची म्हातारी. वय तिचं चोवीस.
केस पांढरे कुणीही करतं,
ही उठायच्या आधी गुडघ्याला विचारते.

आडनाव लांब, पाटीवर मावेना.
चॅनलवाल्यांनी कापलं. नावही अर्धं केलं.
आता नुसती मित्रा.
त्या दिवशी तिचा बाप दुकानात येऊन बसला,
दवाखान्याची ड्यूटी करून तसाच, चहा घेतला नाही.
मी म्हणालो, गौतमराव, कापड कापावंच लागतं.
चांगला शिंपी आत माया ठेवतो,
उद्या अंग भरलं तर उसवायला.
तो हसला का नाही, आठवत नाही.
लाइट गेली होती.

लोक म्हणतात, पोरगी पुण्या-मुंबईची झाली,
बोलायली बघा कशी, तोंडात खडीसाखर धरल्यासारखी.
मी काही बोलत नाही. काजं करत ऐकतो.
पण कडवी बहीण एकदा नवऱ्यावर चिडली
आणि तिच्या तोंडून सरळ निघालं,
'काय करायलास रे तू?'
तेवढ्या जागी शिवण उसवली
आणि आतलं कापड दिसलं, न धुतलेलं,
मूळ रंगाचं.

परवाच्या भागात म्हातारी
नातवाच्या सदऱ्याला बटण लावत होती.
दोरा ओठांत ओला केला, डावा डोळा मिटला,
दोरा जागेवर धरून सुईच त्याच्याकडे नेली,
गाठ मारली, दातानं तोडला,
आणि मान जराशी झटकली,
कुणावर तरी रुसल्यासारखी.

मी पायडल थांबवलं.

काज-बटण आमची सुगंधा करायची.
त्या कोपऱ्यात, पोत्यावर बसून.
राक्षसाचं शेपूट होईपर्यंत ही पोरगी
तिच्यासमोर शेंगदाणे खात बसली होती.
तास, दीड तास. तेवढंच.
सुगंधाला जाऊन नऊ वर्षं झाली.
लग्नातला एक फोटो आहे,
त्यात ती खाली बघायली.

जाहिरात लागली, साबणाची. त्यातही हीच,
वेगळीच कुणीतरी, हसायली.
गिऱ्हाईक म्हणालं, मास्तर, माझी पँट?
उद्या, म्हणालो.

रात्री शटर ओढायच्या आधी वही काढली.
उधारी चाळीस.
रेघ मारणार होतो, पेन्सिल टेकवलीही होती.
मग राहू दिली.
उधारी असली की
माणूस कधीतरी दुकानाकडं वळतं.